इस्पिकचा बगळा

आरशात डावं-उजवं उलटं दिसतं आणि पाण्यात वरचं खाली, एवढं शाळेत पाठ करून आपण मोकळे होतो. पुढचा धडा भिगवणला मिळतो. तोही भल्या पहाटे, हुडहुडी भरलेली असताना, होडीच्या ओल्या फळ्यांवर पालथं पडल्यावर. शिकवणारा असतो कानाला मफलर गुंडाळलेला नावाडी. "साहेब, बसून काय घेताय? आडवं व्हा. पक्षी वर हाय, पर मजा समदी खाली हाय."

पन्नाशीतल्या पोटासाठी हे आसन कुठल्याही योगगुरूने सांगितलेलं नाही. लाइफ जॅकेट वर सरकून हनुवटीला टेकतं, चष्म्यावर वाफ धरते आणि कॅमेरा पाण्याच्या इतका जवळ न्यावा लागतो की त्याचे राहिलेले हप्ते आठवतात. पण नावाडी सांगतो त्यात तथ्य आहे. पाण्याकडे सरळ वरून खाली पाहिलं, तर पडलेल्या प्रकाशातला जेमतेम दोन टक्के प्रकाश पाणी परत पाठवतं. बाकीचा आत जातो आणि आपल्याला गाळ दिसतो. नजर पाण्याला जसजशी समांतर होत जाते तसतसं हे प्रमाण वाढतं, आणि हनुवटी पाण्याला लागायच्या बेताला आली की समोर लख्ख आरसा. पक्षी तोच, पाणी तेच, फक्त माणूस जमिनीवर आलेला.

भिगवण पुण्याहून सोलापूर रस्त्याने साधारण शंभर किलोमीटर. १९८० साली उजनी धरण पुरं झालं, भीमा अडली, गावं उठली आणि इंदापूर तालुक्यातल्या शेतांवर यशवंतसागर पसरला. पळसदेवचं जुनं देऊळ त्यात गेलं. उन्हाळ्यात पाणी फारच खाली गेलं की ते डोकं वर काढतं. माणसांनी पाणी साठवलं उसासाठी, पण पसरट, उथळ, गाळाच्या काठांचं पाणी पाहून पक्ष्यांनी परस्पर ताबा घेतला. थंडीत हिमालय ओलांडून पट्टकदंब हंस येतात, बदकांचे थवे उतरतात, चित्रबलाक तर घरचेच. पाणी ओसरून गाळ उघडा पडू लागला की रोहित पक्षी गुलाबी पाय रोवून उभे राहतात. कपाळावर पांढरा टिळा लावलेले वारकरी पक्षी घोळक्याने तरंगत असतात, आणि खालच्या अंगाला पंढरपूर असल्यामुळे त्यांच्याकडे जरा आदरानेच बघितलं जातं.

धरणाची क्षमता ११७ टीएमसी. त्यातलं फोटोवाल्याला लागतं हातभर, पण ते हलता कामा नये. इथेच सगळं अडतं. ऊन चढलं की वारा सुटतो आणि आरसा फुटतो. वारा नसेल तर शेजारून दुसरी होडी जाते, तिच्यात एक कुटुंब असतं आणि त्यातलं सगळ्यात लहान मूल हात पाण्यात घालून बसलेलं असतं. तेही नसेल तर टिबुकली. हा मूठभर जीव अगदी नेमक्या क्षणी बुडी मारतो आणि आपल्याला मिळतात सुबक वर्तुळं, ज्यांच्या मध्यभागी कोणीही नाही.

मात्र अगदी बारीक लहर असेल तर रागावू नये. लहरीची प्रत्येक बाजू थोडी वेगळी कललेली असते, त्यामुळे ती पक्ष्याचा थोडा वेगळा तुकडा दाखवते आणि प्रतिबिंब खाली खाली लांबत जातं. चंद्राचा पाण्यावर लांबलचक पट्टा पडतो तो याच कारणाने. शेकाट्याच्या बाबतीत तर बहारच येते. आधीच त्याचे लाल पाय अंगापेक्षा कितीतरी मोठे. त्यात लहर आली की ते थेट होडीपर्यंत येऊन पोचतात आणि मध्ये मध्ये वाकडे होतात. (त्याच्या पायात मागे वळणारा जो गुडघा दिसतो तो गुडघा नव्हेच, घोटा आहे. गुडघा वर पिसांत झाकलेला असतो. पण हे सोबतच्या मंडळींना सांगायला जाऊ नये, पुढच्या वेळी आपल्याला कोणी बोलावत नाही.)

आता मुद्द्याचं. प्रतिबिंब ही वरच्या पक्ष्याची हुबेहूब नक्कल नसते. कॅमेरा पाण्याच्या वर हातभर असेल, तर प्रतिबिंबातला पक्षी जणू पाण्याखाली हातभर बुडवलेल्या कॅमेऱ्याने टिपलेला असतो. आपण पक्ष्याला वरून पाहतो, पाणी त्याला खालून पाहतं. वरच्या बगळ्याची पाठ दिसते, खालच्याचं पोट आणि हनुवटीखालचा भाग. मासे धरायला पाण्यावरून खाली जाणारा ऑस्प्रे आपल्याला तपकिरी दिसतो, कारण त्याचे पंख वरून तपकिरी. पाण्यात तोच पांढराफटक, कारण पोट पांढरं. आणखी एक गंमत पलीकडच्या काठावर असते. चित्रबलाकाची चोच वरच्या चित्रात मागच्या बाभळींतच अडकलेली असते, तर खालच्या चित्रात ती बाभळींच्या बाहेर निघून आकाशात गेलेली. खालून पाहणाऱ्याला जवळचं उंच वाटतं, म्हणून. आपण जितक्या उंचावरून फोटो काढू तितका हा फरक वाढत जातो. आडवं झालं की कमी होतो.

हे ध्यानात ठेवलं की दुपारी काठावरच्या खाणावळीत मोठी करमणूक होते. ताटात चिलापीचं कालवण आलेलं असतं, एका हातात भाकरी आणि दुसऱ्या हातात फोन. सकाळी ज्यांनी "पाठीचा त्रास आहे" म्हणून आडवं व्हायला नकार दिलेला असतो, त्यांच्याकडे आता आपल्यापेक्षा सुंदर प्रतिबिंबं असतात. पाणी इतकं निश्चल की उजनीला ते शोभत नाही. बगळा वर जसा, तसाच खाली. पीस न् पीस, डोळ्यातली चमकसुद्धा. ॲपमध्ये वरचा अर्धा भाग उचलायचा, उलटा करायचा, खाली चिकटवायचा, त्यावर चार लहरी ओढायच्या. कालवण गार व्हायच्या आत काम होतं. फक्त तो बगळा बगळा राहत नाही. तो पत्त्यांच्या जोडातला इस्पिकचा राजा होतो: वरून पाहा, खालून पाहा, तेच तोंड, तीच मिशी. आणि गंमत अशी, की हा गृहस्थ सकाळी होडीत ताठ बसून राहिला, म्हणजे खऱ्या पाण्यात फरक सगळ्यात जास्त त्याच्याच फोटोत दिसला असता. ज्याने आडवं व्हायचा आळस केला तोच आधी पकडला जातो. न्याय म्हणतात तो हा.

आकाश बदलणारे त्याच्या पुढचे. हल्ली एका बोटाने पांढरं आकाश जाऊन केशरी आकाश येतं. पाण्याला मात्र हे कळवायचं बऱ्याच जणांच्या लक्षात राहत नाही. मग वर सूर्यास्ताचा जाळ आणि खाली सकाळचे नऊ. एका फोटोत तर रोहितांचा थवा मावळतीच्या आकाशाखाली उभा होता आणि प्रत्येकाची सावली सूर्याच्या दिशेने पडली होती. पण त्या फोटोला सोसायटीच्या प्रदर्शनात बक्षीस मिळालं, तेव्हा फार बोलण्यात अर्थ नाही.

एका मित्राने मात्र उलटीच तऱ्हा केली. पाण्याचे फोटो काढायचे म्हणून त्याने महागातला पोलरायझर घेतला. दुकानदाराने सांगितलं होतं, पाणी 'क्लिअर' येईल. आलंही. पाण्यावरून तिरक्या कोनात परतणारा प्रकाश बराचसा एकाच दिशेने कंप पावत असतो आणि हा फिल्टर नेमका तोच अडवतो. म्हणजे काचेचं कडं फिरवलं की चकाकी जाते आणि तिच्याबरोबर प्रतिबिंबही. मित्राकडे आता भिगवणच्या तळातल्या शेवाळाचे अत्यंत स्वच्छ फोटो आहेत.

यावरून मी एडिटिंगच्या विरोधात आहे असं कोणी समजू नये. ते फोटोग्राफीइतकंच जुनं आहे. गुस्ताव ल ग्रे नावाचे फ्रेंच छायाचित्रकार १८५० च्या दशकात समुद्राचे फोटो काढत. तेव्हाच्या काचांवरचं रसायन निळ्या रंगाला इतकं हळवं होतं की समुद्र नीट यावा तर आकाश कोरं पांढरं पडे. त्यांनी सरळ आकाश एका काचेवरून घेतलं, समुद्र दुसऱ्या काचेवरून, आणि दोन्ही एका कागदावर छापले. लोक थक्क झाले. फोटोशॉप बाजारात यायला अजून १९९० साल उजाडायचं होतं. फरक इतकाच, की ल ग्रे यांना समुद्र आणि आकाश दोन्हींकडे आधी डोळे भरून पाहावं लागलं होतं.

तेव्हा रोहिताच्या पायापाशी तरंगणारी पाण्याची बाटली मी बिनदिक्कत पुसतो. (प्रत्यक्षात ती उचलायला नावाडीच वाकतो, त्याला ते रोजचं आहे.) जाळ्याचे थर्मोकोलचे तुकडे कधी ठेवतो, कधी काढतो. प्रतिबिंब वरच्या पक्ष्यापेक्षा थोडं गडद असतंच, ते उजळवायचा मोह आवरतो, कारण दोन्ही सारखे उजळ झाले की पाण्यातला ओलावाच जातो. बाकी रंग, काळं-पांढरं, चौकट यांत मनसोक्त खेळावं. त्यातला माझा सगळ्यात आवडता खेळ तर इतका सोपा आहे की त्याला एडिटिंग म्हणायचीही लाज वाटते: फोटो सरळ उलटा करायचा. खालचा पक्षी वर, वरचा खाली. मग खाली गेलेला खरा पक्षी चौकटीबाहेर कापून टाकायचा. उरतं ते फक्त पाण्याने पाहिलेलं. चित्रबलाकाच्या गुलाबी पिसांचे फराटे, मानेच्या जागी दोन-तीन तुटक रेघा, बाभळीचं हिरवं ओघळलेलं. त्यात एक थेंब रंग बाहेरून घातलेला नसतो. फ्रेंच चित्रकार मोने म्हातारपणी जिव्हर्नीच्या आपल्या तळ्याची चित्रं काढत तेव्हा त्यांनी क्षितिजच वगळून टाकलं होतं. आकाश हवं असेल तर पाण्यात बघा, असा मामला. आपल्याकडे मोनेंचा हात नाही, पण उजनीचं पाणी आहे.

अशी दोन चित्रं घरच्या ग्रुपवर टाकली. एक हे उलटं करून कापलेलं, दुसरं सरळ, पण बाटली, जाळं, पलीकडची मोटारसायकल आणि विजेचा खांब पुसलेलं. पहिल्यावर मावशीने लिहिलं, "हे कुठल्या ॲपमध्ये बनवलंस? बगळ्याला मान राहिली नाही." दुसऱ्यावर तिने तीन हात जोडलेले पाठवले आणि लिहिलं, "निसर्ग किती स्वच्छ ठेवलाय भिगवणकरांनी!" काकांनी दुरुस्ती केली, "तो बगळा नाही, करकोचा आहे." बायको ग्रुपवर काही बोलली नाही, पण स्वयंपाकघरातून तिने विचारलं, "चिलापी आणलीस का?"

तरीही त्या उलट्या चित्राची मी मोठी प्रत काढून बाहेरच्या खोलीत लावली आहे. येणारे जाणारे मान वाकडी करून बघतात. दूधवाल्याने एकदा ते भिंतीवर उलटं लागलंय असं सांगितलं. आजवरच्या सगळ्या समीक्षेत अचूक निदान तेवढं एकच.

जायचं असेल तर थंडीत जा, आणि होडीत उजाडायच्या आत बसा. एक विनंती: रोहितांचा थवा दिसला की नावाड्याला "जरा जवळ घ्या, उडतात का बघू" असं सांगू नका. गिऱ्हाईक पुढच्या होडीत जाईल या भीतीने तो ऐकतो, पण पक्ष्यांचं खाणं मोडतं, ते उठून दूर जातात आणि गढूळ पाण्यात कोणाचंच काही दिसत नाही. पक्षी चरत असेल तिथून लांबच इंजिन बंद करायला सांगा. आणि एक जुनी चादर सोबत घ्या. फळ्या ओल्या असतात.