जास्तीची संध्याकाळ

मुंबईत सूर्य उशिरा मावळतो, हे वर्ध्याच्या माणसाला कुणी सांगून ठेवत नाही. पाकीट कुठल्या खिशात ठेवायचं, लोकलच्या दारात कुठे उभं राहायचं नाही, एवढं सगळं घरून पढवून झालं होतं. पण गाडीने साडेसातशे किलोमीटर पश्चिमेला आलं की पदरात वीस-पंचवीस मिनिटांची जास्तीची संध्याकाळ पडते आणि एकट्या माणसाने तिचं करायचं काय, हे कुणी बोललंच नव्हतं. मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर बसून मी घड्याळ पाहिलं. घरी एव्हाना तुळशीपाशी दिवा लागला असेल, ‘पोचला का गं तो?’ असं दोनदा विचारूनही झालं असेल. इथे सूर्य अजून पाण्यावर हातभर. आमच्याकडे तो पऱ्हाटीच्या शेतामागे मुकाट उतरतो. इथे त्याला निरोप द्यायला माणसं रांगेने पाय सोडून बसलेली आणि तोही एखाद्या मुरलेल्या नटासारखा काही केल्या विंगेत जाईना. वेळेच्या बाबतीत हे शहर पहिल्यापासून हट्टीच. देशाची एक वेळ ठरल्यावरही मुंबईने आपली वेगळी वेळ, 39 मिनिटं मागची, 1955 सालापर्यंत चालवली.

नव्या गावातल्या पहिल्या संध्याकाळी खरी अडचण होते ती हातांची. ते कुठे ठेवावेत ते कळत नाही. सेवाग्रामला बापू कुटीच्या मातीच्या भिंती बघत वाढलेल्या आम्हा लोकांना गांधीजीही कधी असे नवखे होते, हे खरंच वाटत नाही. पण 1888 साली ते लंडनला उतरले ते पांढऱ्या फ्लॅनेलच्या कपड्यांत. बघतात तर तसले कपडे घातलेले ते एकटेच. हॉटेल व्हिक्टोरियातली लिफ्ट त्यांना बसायची खोली वाटली. संध्याकाळी डॉ. प्राणजीवन मेहता भेटायला आले, तर बोलता बोलता या पोराने त्यांची उंच टोपी उचलून तिच्यावरून उलटा हात फिरवला. टोपीची लव विस्कटली, डॉक्टरांच्या कपाळाला आठी पडली. पुढे कितीतरी रात्री आईच्या आठवणीने त्यांचे डोळे गळत. मला त्या टोपीचं फार बरं वाटलं. एवढ्या मोठ्या शहरात त्यांच्या हाताला निदान काहीतरी मऊ लागलं होतं.

माझ्या हाताला लागला पिशवीतला गोरसपाकाचा पुडा. तो खरं तर दुसऱ्या दिवशी ज्यांच्याकडे जायचं त्यांच्यासाठी होता. शेजारी पांढरे बूट घातलेले एक काका रोजच्या सवयीने बसावं तसे बसले होते.

“कुठले?”

“वर्ध्याचा.”

“म्हणजे नागपूर.”

हे वाक्य वर्धेकराच्या पाचवीलाच पुजलेलं असतं. सोबत कुणी असतं तर वाद घातला असता. एकट्याने काय घालणार? मी पुडा पुढे केला. काकांनी एक उचलला, त्याचा निम्मा त्यांच्या तळहातावरच भुगा झाला. तो त्यांनी बोटाने गोळा करून नीट खाल्ला.

“नानकटाई?”

“गोरसपाक. गाईच्या तुपातला. आमच्या वर्ध्याचा आहे, काका.”

“वा!” काकांनी दुसऱ्याला हात घातला. “नागपूरचं खाणं म्हणजे काही विचारू नका.”