गुरुजी, जरा हाणत जा

आमच्या आष्टी तालुक्यातल्या कडा गावात शिक्षकाचं तोंडावर कौतुक करायची रीत नाही. फारच खूश झालेला पालक शाळेच्या फाटकाशी जातो आणि म्हणतो, "गुरुजी, आमच्या पोराला जरा हाणत जा. चामडी तुमची, हाडं आमची." हे आमच्याकडचं मानपत्र समजा. ज्याचा भरवसा नाही, त्याला लेकराची चामडी कोण देईल? गुरुजी बिचारे सांगतात, की २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं मारायला बंदी आहे. ऐकून पालकाचा चेहरा असा उतरतो, जणू रेशन दुकानदारानं "धान्य संपलं" म्हणून सांगितलं. आमच्या म्हातारीनं मात्र तिथल्या तिथं तोडगा काढला, "मग डोळे तरी वटारा. डोळ्याला तर कायदा न्हाई ना?"

त्याच कायद्यात असंही लिहिलंय, की शिक्षकांना शिकवण्याखेरीज दुसरं काम लावायचं नाही. अपवाद फक्त तीन : दशवार्षिक जनगणना, आपत्तीतलं मदतकार्य आणि निवडणूक. कायदा लिहिणाऱ्यानं आष्टी तालुका पाहिलेला नसावा. आमच्याकडं दुष्काळ ही मुक्कामाची आपत्ती आणि ग्रामपंचायतीपासून लोकसभेपर्यंत कसली ना कसली निवडणूक तोंडावर असतेच. यातून उरलेल्या वेळात खिचडीच्या तांदळाचा हिशोब, आधारची जुळवाजुळव आणि मोबाइलवर भरायची माहिती. एवढं सगळं उरकून हे लोक शिकवतात कधी, हे मला अजून उमगलेलं नाही. पण शिकवतात. माझ्या लेकीला अपूर्णांक इतके पक्के आलेत, की परवा तिनं भाकरीचे चार भाग केले, तीन स्वतः घेतले आणि भावाला म्हणाली, "एक चतुर्थांश तुझा. मोबाइल बघत जेवणाऱ्याला तेवढाच."

गुरुजींची खरी परीक्षा असते दिवाळीच्या पुढंमागं. तेव्हा आमच्या भागातून कोयते निघतात, म्हणजे ऊसतोडीला जाणाऱ्या नवरा-बायकोच्या जोड्या. उचल घेतलेली असते, मुकादम दारात उभा असतो, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांडीकुंडी चढलेली असतात आणि वर लेकरू बसलेलं असतं. तेवढ्यात गुरुजी येतात. "लेकराला आजीपाशी ठेवा, जेवणाचं आम्ही हंगामी वसतिगृहात बघतो." मुकादमाकडं नोटा, गुरुजींकडं नुसती जीभ. हिशोबानं मुकादमच जिंकायला हवा, आणि कधी कधी जिंकतोही. पण गुरुजी ट्रॉलीपुढून हलत नाहीत. शेवटी आई वैतागून लेकरू खाली उतरवते. "घ्या, सांभाळा आता! रोज रडलं तर फोन लावीन." फोन येतोच. रडत असते ती आई.

कड्यात अमोलक जैन विद्याप्रसारक मंडळाचं विद्यालय आहे, कॉलेजही आहे. त्यामुळं आसपासच्या वाड्यावस्त्यांवरच्या पोरींना पदवीसाठी नगर गाठावं लागत नाही. नगरचं नाव आता अहिल्यानगर झालंय, पण आमच्या यष्टीतल्या माणसांना ते वळायला वेळ लागेल. आमच्या काही बाई-गुरुजींचं तिकडून अप-डाऊन चालतं. १९९५ ला मंजूर झालेल्या नगरच्या रेल्वेमार्गावरची पहिली प्रवासी गाडी आमच्याकडं धावली ती सप्टेंबर २०२२ मध्ये. मधल्या सत्तावीस वर्षांत कितीतरी मास्तर नोकरीला लागून निवृत्तही झाले, आणि त्यांची पहिली घंटा काही रेल्वेसाठी थांबली नाही.

आता कुजबुज आहे, की आमच्या आवडत्या गुरुजींची बदली होणार. झाली तर गाव काय करणार, हे ठरलेलं आहे. आपल्याकडं शिक्षकावरचं प्रेम सिद्ध करायचा एकच राजमान्य मार्ग : शाळेला कुलूप ठोकणं. वर्गणी निघाली, कुलूपही आलं. मग किल्ली कुणी ठेवायची यावरून पारावर भांडण जुंपलं. सरपंचावर अर्ध्या गावाचा विश्वास नाही, उरलेल्या अर्ध्याचा उपसरपंचावर नाही. अखेर एकमतानं ठरलं, किल्ली गुरुजींकडंच ठेवायला द्यायची.