दाखल्याचा अर्थ लावणे : नवशिक्या प्रवचनकारांसाठी

लागणारं साहित्य : शुभवर्तमानातला एक दाखला, एक जाडजूड भाष्यग्रंथ आणि शेतीविषयी संपूर्ण अज्ञान. शहापूर किंवा मुरबाड तालुक्यात कुणाच्या घरी प्रार्थनेला जाऊन चार शब्द बोलायचे असतील, तर तिसरी वस्तू घरीच ठेवून जावी. पण ती ठेवता येत नाही, हीच अडचण.

महानुभावांचं बरं होतं. केशिराजबासांनी ‘दृष्टांतपाठा’त 114 दृष्टांत दिले आणि प्रत्येकाखाली दार्ष्टान्तिकही जोडलं. गोष्ट कशाला लागू करायची, हे जागच्या जागी मिटलं. शुभवर्तमानात ही सोय पेरणारा, निदण अशा मोजक्या दाखल्यांपुरतीच आहे. बाकीचे उघडेच आहेत, आणि ख्रिस्ती विद्वान दोन हजार वर्षं त्यांच्यावर झाकण शोधताहेत.

सर्वांत जुनं झाकण रूपकाचं. चांगल्या शोमरोन्याचा दाखला घ्या. यरुशलेमहून यरीहोला उतरणाऱ्या माणसाला लुटारू अर्धमेला करतात, याजक आणि लेवी बघून पुढे जातात, आणि ज्याच्या जातीशी यहुदी व्यवहार ठेवत नसत तो शोमरोनी त्याला उचलतो. आता तिसऱ्या शतकातल्या ओरिजेनचा आणि पुढे ऑगस्टीनचा हात धरा. लुटलेला माणूस म्हणजे आदाम, यरुशलेम म्हणजे स्वर्ग, शोमरोनी खुद्द ख्रिस्त, उतारशाळा म्हणजे मंडळी. ऑगस्टीनच्या मते उतारशाळेचा मालक म्हणजे प्रेषित पौल. त्याला दिलेले दोन दीनार ओरिजेनकडे पिता-पुत्राचं ज्ञान होतात, ऑगस्टीनकडे प्रीतीच्या दोन आज्ञा. या पद्धतीचा मोठा फायदा असा, की जखमी माणूस एकदा आदाम ठरला, की कसारा घाटात पडलेल्या कुणासाठी गाडी थांबवावी लागत नाही. आदामाची व्यवस्था वरून झालेली असते.

लूथर आणि कॅल्विन या कारागिरीवर चिडले. 1886 मध्ये जर्मनीत अडॉल्फ यूलिखरने तर कहर केला : एका दाखल्यात मुद्दा एकच, बाकीचा नुसता तपशील. हे मत पाळू नये. प्रवचन पाच मिनिटांत आटोपतं आणि चहा टाकलेला नसतो.

यानंतर विद्वान गालीलच्या शेतात उतरले. योआखिम येरेमियासने 1947 मध्ये सांगितलं, की पॅलेस्टाइनात आधी बी फेकत आणि मग नांगरत. म्हणून वाटेवर आणि काट्यांत बी टाकणारा तो पेरणारा काही वेंधळा नव्हे. त्यावर पुढे पुष्कळ वाद झाले. तुम्ही मात्र हा मुद्दा मुरबाडमध्ये काढू नका. तिथे उन्हाळ्यात ऐनाचा टाहाळ, पातेरा, गवत, शेण अंथरून राब भाजलेला असतो. त्या राखेत मोजकं बी पडतं. रोप वर आलं की ते उपटून, जुड्या बांधून, चिखलात आवणी. दाण्याचा हिशेब ठेवणारी एखादी आजी विचारणारच, “वाटंवर कशाला टाकलं? बियाणं फुकटचं व्हतं का?” शंभरपट पिकाचा चमत्कारही तिच्यापुढे चालत नाही. एका चुडाला फुटवे किती आणि एका लोंबीला दाणे किती, हे तिला पाठ असतं. शंभरपट म्हणजे तिच्या लेखी बरं वर्ष. अशा वेळी पाणी प्यावं आणि ‘जमीन म्हणजे आपलं अंतःकरण’ इकडे वळावं. हे स्पष्टीकरण शुभवर्तमानातच छापलेलं आहे. ते येशूचं नसून पहिल्या मंडळीने जोडलेलं, असं येरेमियास म्हणतो. पण आजीला ते सांगायची गरज नाही.

द्राक्षमळ्यातल्या मजुरांचा दाखला मात्र शक्यतो टाळा. पहाटे आलेल्याला आणि दिवस मावळताना आलेल्याला मालक सारखाच एक दीनार देतो. इरेनेयसने दुसऱ्या शतकात या वेळांना जगाच्या इतिहासाचे टप्पे ठरवून विषय सुरक्षित केला होता. 1994 मध्ये विल्यम हर्झोग नावाच्या अमेरिकन अभ्यासकाने तो पुन्हा बिघडवला : हा मालक देव नव्हेच, मजुरांना एकमेकांविरुद्ध उभं करणारा जमीनदार आहे. शहापूरकडची कातकरी कुटुंबं दिवाळीनंतर उचल घेऊन वीटभट्टीवर जातात आणि हिशेब पावसाळ्याच्या तोंडाशी होतो. त्यांच्यातलं कुणी समोर बसलं असेल, तर सारख्या मजुरीवर त्याचं अडणार नाही. तो विचारील, “त्याच दिवशी संध्याकाळी, रोख? आणि उचल नाही कापली?” भाष्यग्रंथ चाळू नका, त्यात वीटभट्टी नाही. मोशेच्या नियमशास्त्रात मजुराची मजुरी सूर्य मावळण्याआधी द्यावी असं आहे, ते सांगा. मग भट्टीवाल्याच्या घरी तुम्हाला पुन्हा बोलावणार नाहीत, तेवढी तयारी ठेवा.

आणि उधळ्या पुत्राचा दाखला, जिथे समृद्धी महामार्गाच्या मोबदल्याची वाटणी अजून मिटलेली नाही अशा घरात घेऊ नका. थोरला भाऊ तिथेच बसलेला असतो.