मोगलीच्या हातात केळी कायले?

काय वो वहिनी, कुरड्या वाळल्या का? आमच्या गच्चीवर तं पाय ठेवता येत नाही. या चंद्रपूरच्या उन्हात पोट्ट्याइले बाहेर सोडाची सोय नाही, म्हणून घरातच कोंडले. काल दुपारी तुमाले आरडाओरडा ऐकू आला असन ना? भांडण नव्हतं वो. पुण्याचा भाचा आला सुट्टीत, त्यानं निन्टेंडोचा स्विच आणला, गेम खेळाचं मशीन. हातात धरून बी खेळता येते, टीव्हीले बी जोडता येते. त्यात 'जंगल बुक' आहे, अन् सगळे त्याच्यावरच पडून राहतात.

गेम जुना आहे बरं, 1994 चा. किपलिंगचं पुस्तक 1894 चं, म्हणजे मोगली शंभर वर्षांचा झाल्यावर टीव्हीत उड्या माराले लागला. 2021 मध्ये अलादीन, लायन किंग अन् हा, असे तीन जुने गेम एकत्र करून स्विच, प्लेस्टेशन 4, एक्सबॉक्स वन अशा नव्या मशिनींसाठी काढले. पण गंमत अशी, की यात जंगल बुक एक नाही, तीन आहेत. सेगाच्या मेगा ड्राइव्हचं एक, सुपर निन्टेंडोचं दुसरं अन् गेम बॉयचं तिसरं. एकाच वेळी निघाले तरी सारखे नाहीत. झालं, पोट्ट्याइची जुंपली, कोणाचं चांगलं! मग मी बी बसली.

माझं मत इचाराल तं मेगा ड्राइव्हवाला मोगली धावते चांगला. उडी मारली की अंगाले झोल कसा येते, वेलीले लटकला की पाय कसे हालतात, पाहतच राहावं वाटते. सुपर निन्टेंडोवर रंग जास्त. त्या मशिनीजवळ 32,768 रंगांचा डबा होता, मेगा ड्राइव्हजवळ फक्त 512, असं भाचा सांगते. म्हणून तिथलं रान हिरवंगार. अन् गेम बॉयवर? चार छटा, संपलं. पोट्टे त्याले हसून राहिले होते, मी म्हटलं, हसता कायले? मे महिन्यातलं आपलं सागाचं रान पाहा मोहर्लीच्या रस्त्यानं. पान नाही, रंग नाही, नुसती उभी खोडं. तिघांत खरं रान तं तेच दिसते!

पण केळी! वहिनी, हा मोगली वानराइले केळी फेकून मारते. कायले? मोगलीचं गाव सिवनीकडचं, नागपूरवरून जबलपूरच्या रस्त्यानं लागते ते. आपलंच झाड-झाडोरा तिथं. टेंभरं घेतली असती, चारं घेतली असती, मोहाचं फूल तरी. अन् तो लुई राजा! तो ओरांगउटान आहे, बोर्निओ-सुमात्राचा. किपलिंगच्या पुस्तकात तो नाहीच, 1967 च्या डिस्नेच्या सिनेमातून घुसला. आपल्याकडं काळ्या तोंडाचे वानर काय कमी आहेत? पापड ठेवा गच्चीवर, येतात राजे.

घड्याळाचा तं मले रागच आला. वेळ संपाच्या आत रत्नं गोळा करा, नाही तं मरा. आमचे भासरे आले होते, वनरक्षक होते ना ते, रिटायर झाले. खुर्चीवर बसून चहा पिता पिता म्हणाले, "हा पोट्टा ताडोब्यात दहा मिनिटं टिकणार नाही, थांबतच नाही." खरंच आहे. आपल्या रानात माणूस वाचते ते थांबून. चितळ ओरडलं, वानर खोकललं की पाय जागीच. कॉल कुठून येते ते पाहूनच पुढचं पाऊल. गेमात असा कोणी आधी सांगतच नाही. शेरखान शेवटी येते, ठरल्या जागी, ठरल्या वेळी. वाघ असा येते का कधी?

आणखी एक बटण आहे त्या नव्या गेमात, मागं फिरवाचं. खड्ड्यात पडला, फिरवा मागं, पुन्हा काठावर. पोट्टे धडाधड दाबून राहिले होते. भासरे काही बोलले नाहीत. तेंदूपत्त्याच्या दिवसांत सिंदेवाही-मूलकडून वाघानं माणूस मारल्याची बातमी आली की ते असेच गप्प होतात.

जंगलाचे गेम मी आधी बी पाहिले, तेही सांगते. लहानपणी आमच्या घरी बी टीव्ही गेम होता, कॅसेटवाला. त्यात काँट्रा होता, पहिलीच लढाई जंगलात. पण ते रान नुसतं मागं टांगलेल्या पडद्यासारखं, पुढं सगळ्या गोळ्याच गोळ्या. अॅडव्हेंचर आयलंड मले आवडे. त्यात फळं खात राहिलं नाही तं जीवच कमी होत जाते. पोटाची काळजी करणारा गेम, बाईमाणसाले पटणारच!

अन् सगळ्यांचा आजा म्हणजे पिटफॉल. अटारीवरचा, डेव्हिड क्रेननं बनवला, 1982 चा. म्हणजे आपल्या जिल्ह्यातून गडचिरोली वेगळा झाला त्याच सालचा! वीस मिनिटांत 32 खजिने शोधाचे. मगरी, विंचू, दलदल, 255 पडद्यांचं जंगल, अन् सगळा गेम चार किलोबाइटात. तुमच्या मोबाईलमधल्या एका फोटोच्या जागेत असे शेकडो बसतील. इतक्या जागेत चित्रं मावणार कुठून? म्हणून त्यानं रान साठवलंच नाही. एक आकडा ठेवला, त्यातून गणितानं पुढचा, त्यातून पुढचा. आकड्याप्रमाणं कुठं खड्डा, कुठं मगर ते ठरते. उलटं चालत गेलं तरी मागचं रान तसंच्या तसं सापडते. याची अक्कल मले त्या हजारो रंगांपेक्षा भारी वाटली बाप्पा.

काय म्हणता, तुमचा लहाना बी मागून राहिला? मग टीव्हीलेच चिकटून राहणारं मशीन नका घेऊ. लाईट गेली की टीव्ही बंद, अन् पोट्टे तुमच्या डोक्यावर. हातात धराचं घ्या, अन् आधी आमच्याकडं पाठवा त्याले, चार दिवस खेळून पाहू द्या. फक्त भासरे बसले असले तं घड्याळवाला गेम लावू नको म्हणा, ते मधातच "थांब, थांब" करतात अन् पोट्टा हारते.