मोटरवर वाहणारा ओढा

सोलच्या च्योंग्ग्येच्योन ओढ्याचं कौतुक जगभरच्या नगररचनाकारांच्या तोंडून संपता संपत नाही. १९५८ सालापासून त्यावर काँक्रीट ओतलं, वर उड्डाणमार्ग चढवला. २००३ साली तोच मार्ग पाडायला घेतला आणि २००५ साली सुमारे ६ किलोमीटर पाणी उघडं केलं. फिती दोन्ही वेळा कापल्या. ठेकेदारही कोणत्याच वेळी उपाशी राहिले नसावेत.

मूळचा ओढा पावसापुरताच वाहायचा. आता बारमाही खळखळतो, कारण हान नदीचं पाणी पंपानं वर चढवून त्यात सोडतात. निसर्गच तो, फक्त विजेवर चालतो! ओढा झाकताना हलवलेला जुना सुप्योग्यो पूल अजून जांगचुंगदान बागेतच आहे. ओढ्यावर उभा आहे तो त्याचा तोतया.

काठ गार झाला, मासे आले, हे मान्य. उड्डाणमार्गाच्या धुरापेक्षा हे शतपट बरं. पण काठावरच्या फेरीवाल्यांचं काय? त्यांना दोंगदेमुन स्टेडियमात हलवलं. मग तेही पाडून तिथं वास्तुरचनाकार झाहा हदीद यांची चकचकीत वास्तू उभी राहिली. फेरीवाल्यांनी पुन्हा गाठोडं बांधलं. ओढा उघडणारे महापौर ली म्योंग-बाक मात्र २००८ साली राष्ट्राध्यक्ष झाले.