एका दमात

सिंहगड चढण्याच्या दोन कथा आमच्या घरात लहानपणापासून पोरीच्या कानावर पडल्या आहेत. एक तानाजीची, दुसरी माझी. पहिलीत घोरपड आहे, दुसरीत ॲटलास सायकल. घोरपडीचं काय ते इतिहास संशोधक बघून घेतील, पण माझ्या कथेला गेली अडतीस वर्षं कुणी हात लावला नव्हता. 1987 सालच्या डिसेंबरात, कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला असताना, मी बिनगिअरच्या ॲटलासवर सिंहगडाचा घाट एका दमात चढलो आणि वर जाऊन पिठलं-भाकरी खाल्ली. ही कथा मी मुलगी बघायला गेलो तेव्हा सांगितली (तिनं होकार दिला, पुढं ती पस्तावली की नाही ते वेगळं), पुढच्या पिढीच्या मुंजीत सांगितली, आणि ऑफिसातली लिफ्ट बंद पडल्यावर कुरकुरणाऱ्या नव्या पोरांना तर दर वेळी सांगितली. ‘एका दमात’ म्हणताना मी किंचित थांबायचो. ऐकणाऱ्याला दम घ्यायला वेळ मिळावा म्हणून.

गेल्या वर्षी पोरगी नोकरीनिमित्त बंगळुरूला गेली. जाताना एक कोरफडीची कुंडी आणि आपली रोड बाईक मागे ठेवून गेली. उंचीनं ती माझ्याएवढीच, त्यामुळे ‘मला लहान होते’ ही सबब उरली नाही. “बाबा, चालव, नाहीतर विकून टाक,” ती म्हणाली. “आणि तू तर काय, सिंहगड एका…” पुढचं बोललीच नाही. आमच्या घरात अर्ध्यावर सोडलेलं वाक्य हे आव्हान समजतात.

सायकल बाल्कनीत भिंतीला टेकून उभी होती. तिला स्टँड नव्हता. कॅरिअर नव्हतं, मडगार्ड नव्हते, घंटा, दिवा, कुलूप, काही म्हणजे काही नव्हतं. माझ्या ॲटलासवर हे सगळं होतं, शिवाय कॅरिअरवर बहुतेक वेळा कुणीतरी बसलेलं असायचं. आम्ही पदरमोड करून एकेक वस्तू जमवून सायकल सजवायचो. इथं त्याच वस्तू एकेक करून काढल्या होत्या आणि दर वस्तूमागे किंमत वाढवत नेली होती. सीटकडे बघून तर मला वाटलं, सीट अजून बसवायची राहिलीय, ही नुसती तिची खुंटी असावी.

हवा गेलेली होती. म्हणून कॉलेजच्या दिवसांतल्या पेठेतल्या सायकलच्या दुकानात गेलो. तिथं एके काळी तासावर सायकली भाड्यानं मिळायच्या. आता भाडं बंद झालंय, ओव्हरऑईल चालू आहे. (हा ‘ओव्हरहॉल’चा मराठी अवतार. मूळ शब्दापेक्षा सरस आहे, कारण त्यात तेल दिसतं.) दुकानाचे मालक आता सत्तरीपुढचे. तेव्हा ते मला ‘ए बारक्या’ म्हणायचे. या वेळी ‘या साहेब’ म्हणाले, आणि मला तेच जास्त लागलं.

“साहेब, हिला स्टँड नाही, मग ही उभी कशी राहते?”

“भिंतीला टेकवायची.”

“आणि तुम्ही?”

मी विषय हवेकडे वळवला. त्यांनी चाक फिरवून वॉल शोधला आणि चष्मा कपाळावर सारून बघत राहिले. उदबत्तीच्या काडीसारखा बारीक वॉल, टोकाला पितळेची एवढीशी फिरकी. आमच्या वेळचा वॉल मला अंधारातही काढता यायचा, कारण ते शिक्षण सरकारी होतं. डबलसीट किंवा रात्री बिनदिव्याचं सापडलं की हवालदार चाकातला वॉल काढून खिशात टाकायचा. म्हणून आमच्या खिशात कायम एक जादा वॉल आणि बोटभर वालट्यूब असायची. या नव्या वॉलला प्रेस्टा म्हणतात आणि तो मूळचा फ्रेंच आहे, हे पोरीनं फोनवर सांगितलं. आधी फिरकी सैल करायची, मग हवा भरायची. मी फिरकी सैल केली आणि झाली की नाही याची खात्री करायला वरून बोटानं दाबली. आत जी काही उरलीसुरली हवा होती ती फुस्सकन गेली.

“हवालदाराचं काम तुम्हीच केलंत,” मालक म्हणाले.

कुठल्याशा डब्यातून त्यांनी एक पितळी टोपी शोधून काढली. ती त्या फ्रेंच वॉलवर बसवली की आपला पंप चालतो. “किती भरू?” मी पोरीनं सांगितलेला आकडा सांगितला. नव्वद. “तुमच्या मोटारीत किती असते, माहितीय? तेहतीस.” तरी भरली त्यांनी. काटा ऐंशीपुढे गेला तसे ते पंपापासून हात लांब करून, मान वळवून भरू लागले, आणि शेजारी उभ्या असलेल्या पोराला म्हणाले, “तू जरा तिकडे हो.”

मग चड्डी. पोरीनं मला एक काळी, अंगाला चिकटून बसणारी सायकलची चड्डी ऑनलाइन मागवून दिली. पार्सल बायकोनं उघडलं.

“अहो, हे आत काय शिवलंय?”

“गादी आहे ती.”

“गादी सीटवर घालायची सोडून चड्डीत?”

या प्रश्नाला उत्तर आहे. सीट मऊ केली तर आपण तिच्यात रुततो आणि हाडांऐवजी भलत्याच ठिकाणी भार येतो, वगैरे वगैरे. पण बायकोच्या प्रश्नातलं शहाणपण या उत्तरात नाही, हे मला तेव्हाही कळत होतं. त्यात मी आणखी एक माहिती पुरवण्याची चूक केली, की या चड्डीच्या आत दुसरं काही घालायचं नसतं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “लिफ्टनं जाऊ नका. जिन्यानं जा.”

क्लीटवरून पडण्याचा प्रसंग या लेखात येणार नाही. सायकलवर परतलेला प्रत्येक माणूस तो सांगतो: बूट पायडलमध्ये अडकतो, सिग्नलला पाय सुटत नाही, आणि माणूस उभ्या उभ्या आडवा होतो. पोरीच्या बुटांत माझे पाय मावले नाहीत म्हणून मी साधी पायडलं बसवून घेतली. तेवढा एक अपघात माझ्या नशिबी नव्हता.

नोव्हेंबरापासून पहाटे निघायला लागलो. कर्वेनगरातून राजाराम पूल ओलांडायचा, सिंहगड रस्त्याला लागायचं आणि जमेल तिथवर जायचं. पहिल्या दिवशी वडगावापर्यंतच जमलं. महिन्याभरानं खडकवासल्यापर्यंत गेलो, तेव्हा एक गोष्ट समजली जी मोटारीतून इतकी वर्षं जाऊन समजली नव्हती: हा रस्ता चढतो. डोळ्यांना दिसत नाही, पण मांड्यांना दिसतो. खरं म्हणजे हे आधीच कळायला हवं होतं. धरण नदीच्या वरच्या अंगालाच असणार, नाहीतर पाणी पुण्याला आलं असतं कसं? शाळेत हे भूगोलाच्या पुस्तकात होतं, मला त्यासाठी मांड्या खर्चाव्या लागल्या. चौपाटीवर पोचल्यावर कांदाभजी खाल्ली. परतीला उतार असतो, त्यामुळे परतताना मला आपण फार सुधारलो असं वाटायचं. दर वेळी वाटायचं.

जानेवारीत एका गुरुवारी रजा टाकली. रविवारी घाटात गाड्यांची रीघ असते, आणि प्रेक्षक नकोत, हेही कारण होतंच. पायथ्याच्या गोळेवाडीपर्यंत पोचलो तेव्हा उजाडलं होतं. तिथल्या नाक्यावर गाड्यांकडून जे पैसे घेतात त्याचं नाव ‘उपद्रव शुल्क’ आहे. नाक्यावरच्या माणसानं माझ्याकडे एकदा वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि हातानंच ‘जा’ अशी खूण केली. माझ्यापासून गडाला काही उपद्रव संभवतो असं त्याला दिसलं नसावं.

घाट आठ-नऊ किलोमीटरांचा, चढ सहाशे मीटरांच्या आसपास. सराईत पोरं तो पाऊण तासात संपवतात. माझे गिअर दुसऱ्याच वळणावर संपले. लिव्हर दाबून पाहिली, पुन्हा दाबली, नुसती खट् करून गप्प झाली. लिफ्ट येत नसली तरी आपण बटण दाबत राहतो तशी मी ती पुढची पाच मिनिटं दाबत होतो. एवढ्यात एक चतुर माझ्या पुढे उडत आला, थोडा रेंगाळला, आणि कंटाळून निघून गेला. मग कानात आपलंच रक्त ऐकू यायला लागलं. एका कठड्यापाशी मी उतरलो, सायकल टेकवली आणि शेजारी स्वतःला टेकवलं. दुकानदाराच्या प्रश्नाचं उत्तर मिळालं.

दमलेला माणूस गणिताकडे वळतो, कारण गणित बसून करता येतं. माझ्या ॲटलासला पुढे 44 दाते होते, मागे 18. पायडलचा एक फेरा मारला की सायकल पाच मीटरांहून जास्त पुढे जायची. पोरीच्या सायकलचा सगळ्यात हलका गिअर पुढे 34, मागे 28. एका फेऱ्यात जेमतेम अडीच मीटर. म्हणजे आत्ता ज्यानं माझा जीव जात होता त्याच्या दुप्पट भारी गिअरवर, दुप्पट वजनाची सायकल मी चपला घालून एका दमात वर नेली होती. मी गणित पुन्हा केलं. उत्तर बदलेना. मग मी माझ्या तेव्हाच्या भिडूला फोन लावला. त्या सहलीचा तो एकमेव साक्षीदार पुण्यात उरलाय.

“87 ला सिंहगड चढलो, तेव्हा आपण किती वेळा थांबलो रे?”

“धापा कसल्या टाकतोयस?”

“घाटात आहे. सांग ना.”

“अरे, सायकलनं कुठं चढलो? सायकली आतकरवाडीत लावल्या आणि पायवाटेनं गेलो.”

मी आवंढा गिळला. ठीक आहे. चालत तर चालत. “पण एका दमात?”

पलीकडे थोडा वेळ काही आवाज नाही. “आम्ही गेलो. तू खाली होतास.”

“खाली म्हणजे?”

“माझ्या सायकलचं कुलूप बिघडलं होतं. कुणीतरी थांबायला हवं होतं. तू म्हणालास, माझा पाय मुरगळलाय.”

“आणि पिठलं? अरे, मला चव आठवते त्या पिठल्याची!”

“भाकरीवर घालून खाली आणलं होतं तुझ्यासाठी. गार झालं होतं, त्यावरूनही तू कटकट केलीस.”

“मग इतकी वर्षं बोलला का नाहीस?”

“तू इतकं रंगवून सांगायचास. कशाला मोडायचं? फक्त तुझ्या गोष्टीत मी अर्ध्या घाटातून सायकल ढकलत यायचो, तेवढं जरा लागायचं.”

फोन ठेवला आणि हळूहळू आठवायला लागलं. एक झाड. त्याच्या बुंध्याला टेकवलेल्या चार सायकली. कुणाच्या तरी कॅरिअरला बांधलेला स्वेटर. डोक्यावर ताकाचं मडकं घेऊन वर निघालेली एक म्हातारी. तिनं मला विचारलं होतं, “तू का रं नाही गेला?” आणि मी पाय दाखवला होता. कुठला ते आठवत नाही. तिनंही विचारलं नाही.

पुढचा घाट कसा चढलो ते सांगण्यासारखं नाही. थोडं सायकलवर, थोडं सायकल हातात धरून, बरंचसं कठड्यांवर. कोंढणपूर फाट्यापाशी रस्ता जरा बरा वाटतो, तो विश्वासघात असतो. वर वाहनतळापाशी पोचलो, पिठलं-भाकरी मागवली. या गडावर मोटारीतून येऊन मी कितीतरी वेळा पिठलं खाल्लंय, आणि दर वेळी करणाऱ्या मावशींना ऐकवलंय, की तुमच्या पिठल्याला 87 सालच्या पिठल्याची सर नाही. या वेळी गपगुमान खाल्लं. दही मागून घेतलं.

रात्री पोरीचा फोन आला. सायकलच्या हँडलवर एक डबी आहे, ती वेग आणि अंतर दाखवते एवढंच मला ठाऊक होतं. घरातल्या वायफायच्या टप्प्यात आली की ती सगळा हिशेब पोरीच्या खात्यात धाडते, हे ठाऊक नव्हतं.

“बाबा, तू माझ्या नावावर सिंहगड चढलायस. 1 तास 52 मिनिटं. माझ्या मैत्रिणी मला विचारतायत, तुला बरं नाहीये का.”

“अगं, ते…”

“अकरा वेळा थांबलायस. सगळं दिसतंय. एकदा तर तेवीस मिनिटं! काय करत होतास?”

“फोनवर होतो.”

“बरं, काढून टाकू का हे?”

“राहू दे,” म्हटलं.

गड आला, पण पोरीच्या खात्यात. तिला 1987 ची खरी हकिगतही सांगून टाकली, झाडापासून ते गार पिठल्यापर्यंत. ती हसून हसून दमली आणि म्हणाली, मग तू केलंस काय दिवसभर? केलं काय म्हणजे? चार सायकली होत्या, त्यातल्या एकीचं कुलूप मोडकं. संध्याकाळी चारही जागेवर होत्या.