एडिटर चालूच असतो

सांगलीच्या विश्रामबागेत, वालचंद कॉलेजच्या आसपास हा गडी हमखास सापडतो. नोकरी पुण्याच्या कंपनीत, ऑफिस घराच्या माडीवर. माउस ड्रॉवरमध्ये, मोज्यांशेजारी. फायली बघायला मिडनाइट कमांडर: १९९४ पासूनचा निळा पडदा, त्यात दोन खण. शेजारच्या काकूंना वाटतं, पोरगं रेल्वेचं रिझर्व्हेशन करतंय.

एडिटर एकदाच उघडायचा आणि शक्यतो बंद करायचा नाही, हे त्याचं व्रत. फाइलगणिक नवा एडिटर उघडणाऱ्यांची त्याला मनापासून कीव येते. "आरं, पाव्हणा आला म्हणून नवं घर बांधतंय का कोण? हाय त्याच घरात पाट मांडायचा!" म्हणून त्याचा इमॅक्स सर्व्हर होऊन बसलेला. कमांडरमध्ये एफ-४ दाबलं, की इमॅक्सक्लायंट फाइल तिथं नेऊन सोडतो.

यात अख्खी दिवाळीची सुट्टी गेली. आधी कमांडरचा घरचा एडिटर सेटिंगमधून बंद केला. मग क्लायंटला बजावलं, फाइल पोचव आणि थांबू नकोस. तो इतका आज्ञाधारक, की गिटच्या कमिटलाही थांबेना. संदेश लिहायच्या आतच 'संदेश रिकामा' म्हणून गिटनं कमिट रद्द. शेवटी गिटला थांबणारा, कमांडरला न थांबणारा, अशी वाटणी झाली. भावकीत इतकी बिनतक्रार वाटणी मी तरी पाहिलेली नाही.

साताऱ्याचा मेहुणा व्हिमवाला. इमॅक्स आणि व्हिमचा पूर्वज व्हीआय, दोघंही १९७६ चे, अमेरिकेतले. त्यांचं वैर मात्र राजवाड्यापाशी भेळ खाताना पेटतं. मेहुणा एकच फाइल दोन टर्मिनलांत उघडतो, स्वॅप फाइलचा इशारा आला की न वाचताच पुढं जातो. "दाजी, चाललंय की!" दाजींच्या हातातली भेळ तशीच राहते. पत्रिका जुळवताना एवढं एक विचारायचं राहूनच गेलं.

परवा अण्णांनी लाइटबिल दाखव म्हटलं. बिल पीडीएफ, बोट सवयीनं एफ-४ वर. टर्मिनलातल्या इमॅक्सनं फाइलच्या पोटातली सगळी अगम्य अक्षरं आणि आकडे पडदाभर ओतले. अण्णांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं.

"एवढं बिल? म्या म्हणतच हुतो, त्यो सर्व्हर रातभर चालू ठिवत जाऊ नगंस!"